सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकणारा लाल लेसर: डायोड आतून कसा घडवावा लागतो?

लालरेघ (धागाकर्ता)

मंडळी, गणवेशाच्या युनिटमध्ये कटिंग टेबलावर किंवा टॉवेलच्या शिलाईला कापडाची कड सरळ ठेवायला जी लाल रेघ पडते, तिच्या मॉड्यूलची (म्हणजे लेसर डायोडची प्रकाश देणारी चिप, भिंग आणि सर्किट बसवलेल्या नळीची) जुळणी आणि दुरुस्ती हे माझं काम. अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि पूर्व भागातून मार्चनंतर बंद पडलेल्या मॉड्यूलांचा ओघ सुरू होतो, तो पाऊस पडल्यावरच आटतो. 'स्वस्तातला माल, जाणारच' असं बहुतेक जण म्हणतात आणि नवीन घेतात. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. कारण त्याच किमतीचा एखादा डायोड शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं चालतो. दिसणाऱ्या प्रकाशाचा लेसर टिकावा म्हणून तो बनवणारे काय काय करतात, हे आपल्याकडे फारसं कुणी मराठीत लिहीत नाही. मला समजलं तेवढं मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

आधी मेलेला डायोड ओळखायचा कसा? पुष्कळदा डायोड धडधाकट असतो, भिंगावर कापसाचे तंतू आणि मशीनचं तेल बसून रेघ अंधुक झालेली असते. म्हणून आधी भिंग पुसा. तरी सुधारलं नाही तर भिंग काढून वीतभर अंतरावर पांढरा कागद धरा. डायोडकडे थेट बघू नका, कागदाकडे बघा. चालू लेसरचा लांबट पट्टा दाणेदार दिसतो आणि डोकं जरा हलवलं की ते दाणे चमचमतात. मेलेल्याचा उजेडही लालच असतो, पण मऊ, सगळीकडे पसरलेला, दाणे अजिबात नाहीत. गंमत म्हणजे करंट तो जवळपास पूर्वीइतकाच घेतो. याचा अर्थ बहुधा जंक्शन (चिपमधला, करंट जातो तो सांधा) शाबूत आहे, पण प्रकाश परत आत फिरवून लेसर घडवणारा चिपच्या टोकाचा आरसा गेला. लेसरचा साधा एलईडी झाला.

हा आरसा म्हणजे वेगळा बसवलेला भाग नव्हे. स्फटिक ठरावीक दिशेने मोडला की जो गुळगुळीत कडा मिळतो, तोच आरसा. त्याला फॅसेट म्हणतात. सगळा प्रकाश तिथल्या साधारण एक मायक्रोमीटर उंच आणि तीन मायक्रोमीटर रुंद ठिपक्यातून बाहेर पडतो. पाच मिलीवॉट म्हणजे किरकोळ, असं वाटतं. पण त्या ठिपक्याच्या क्षेत्रफळाने भागा: दर चौरस सेंटिमीटरला दीड लाख वॉटपेक्षा जास्त! शंभर मिलीवॉटच्या डायोडला हाच आकडा तीस लाखांच्या वर जातो.

आता फॅसेटवरचे अणू हे स्फटिकाचे शेवटचे अणू. त्यांचे बंध अर्धवट सुटलेले, त्यात हवेतला ऑक्सिजन चिकटलेला. अशा जागी इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) भेटले की प्रकाश न देता नुसती उष्णता देतात. उष्णतेने तिथला बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, आकसतो. बँडगॅप आकसला की तोच भाग स्वतःच्या लेसरचा प्रकाश जास्त शोषतो, आणखी तापतो, आणखी शोषतो. हे चक्र एकदा सुटलं की डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी फॅसेट वितळून जातं. याला कॅटास्ट्रॉफिक ऑप्टिकल डॅमेज म्हणतात, बोलताना सीओडी.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. चिपच्या दोन्ही टोकांपाशी जस्त आत मुरवतात. जस्तामुळे तिथली क्वांटम वेल (प्रकाश जिथे तयार होतो तो अतिपातळ थर) आणि तिच्या शेजारचे थर एकमेकांत मिसळतात आणि टोकाचा बँडगॅप रुंदावतो. मग मधल्या भागात तयार झालेला प्रकाश टोकाला शोषला जात नाही, खिडकीतून जावा तसा आरपार जातो. शिवाय टोकाच्या काही मायक्रोमीटर भागात करंटच सोडत नाहीत. वरून लेप देतात: पुढच्या बाजूला कमी परावर्तनाचा, मागच्या बाजूला नव्वद टक्क्यांच्या वर परावर्तनाचा. जास्त पॉवरच्या लाल डायोडमध्ये ही खिडकी असतेच. स्वस्त पाच मिलीवॉटच्या डायोडमध्ये ती बहुधा नसते आणि नेमून दिलेल्या पॉवरला तिची गरजही पडत नाही. पण रेघ जरा ठळक दिसावी म्हणून कुणी करंट वाढवला, की सीओडीची हद्द जवळ येते.

उन्हाळ्याचं काय, ते मी मुद्दाम मोकळं सोडतोय. त्यावर कुणी थरांचं काम केलेला माणूस बोलला तर बरं.

सातरस्ता

लालरेघ साहेब, माझं गणवेशाचं युनिट आहे. तुम्ही लिहिलंय तसंच होतंय बघा. शाळा जूनला उघडतात, म्हणजे आमचा सगळा माल एप्रिल-मेमध्ये निघायला पाहिजे. नेमकं तेव्हाच पत्र्याखाली लेसर जायला लागतात. दुपारी रेघ फिकी पडते, संध्याकाळी परत ठळक होते, असं काही दिवस चालतं आणि मग एक दिवस संपतंच. हे दुपारी फिकं पडणं म्हणजे काय असतंय? त्यावरून आधी कळू शकतंय का, की हा आता जाणार?

शंकेखोर

दादा, एवढ्या खोलात जायची गरज आहे का? मॉड्यूल काही शेकड्यांत येतं. चार जास्तीचे आणून कपाटात ठेवा, गेला की बदला. डिझाइन वगैरे मोठ्या कंपन्यांनी बघावं.

सातरस्ता

शंकेखोर, मॉड्यूलचे पैसे कमीच आहेत हो. पण रेघ बदलली की परत जुळवावी लागते, तोवर टेबल उभं राहतं आणि कटिंग मास्तर हात बांधून बसतो. पुढे शिलाईच्या बायका कट पीसची वाट बघत बसतात. त्यांची मजुरी नगावर आहे. त्यांचं नुकसान कपाटातल्या मॉड्यूलने भरून येत नाही.

थरावरथर

मी काही वर्षं एपिटॅक्सीच्या प्रयोगशाळेत होते, म्हणजे स्फटिकावर अणूंचे थर वाढवायचं काम. मूळची सोलापूरचीच, माहेर होटगी रोडला. सातरस्तांचा प्रश्न अगदी नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

लाल डायोडचा पाया गॅलियम आर्सेनाइड. त्यावर ॲल्युमिनियम, गॅलियम, इंडियम आणि फॉस्फरस यांच्या मिश्रणाचे थर वाढवतात. हे थर पायाच्या जाळीशी, म्हणजे त्यातल्या अणूंच्या मांडणीशी, जुळायला लागतात, म्हणून इंडियमचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर बांधलेलं असतं. उरलेल्या निम्म्यात ॲल्युमिनियम आणि गॅलियम यांचंच प्रमाण बदलता येतं. प्रकाश मधल्या पातळ क्वांटम वेलमध्ये तयार होतो. इलेक्ट्रॉन तिथेच अडकून राहावेत म्हणून दोन्ही बाजूंना जास्त बँडगॅपच्या थरांचा बांध घालतात.

गोम इथे आहे. या पदार्थसमूहात हा बांध मुळातच ठेंगणा पडतो. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या सीडीवाल्या लेसरला बांध पुरेसा उंच मिळतो. ६५० ला कमी, ६३५ ला आणखी कमी, कारण तरंगलांबी घटवायची तर वेलचा तळ वर येतो आणि बांधाची उंची मात्र वाढवता येत नाही. तापमान चढलं की इलेक्ट्रॉनांच्या अंगात जोर येतो आणि ते बांध ओलांडून पलीकडच्या पी थरात (जिथे होल जास्त असतात) सांडतात. सांडलेला इलेक्ट्रॉन प्रकाश देत नाही, नुसती उष्णता देतो. त्यात हा मिश्र पदार्थ उष्णता वाहून न्यायलाही कच्चा.

हिशेब करून बघा. लेसर सुरू व्हायला लागणारा किमान करंट, म्हणजे थ्रेशोल्ड, तापमानाबरोबर घातांकी वाढतो. किती वेगाने, ते टी-शून्य नावाच्या आकड्यावर ठरतं. हा आकडा जितका मोठा तितका लेसर उन्हाला बेफिकीर. ६३५ च्या आसपासच्या डायोडला ६० केल्व्हिन धरू. सोलापुरात मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि मॉड्यूलच्या पितळी नळीत ५५ सहज. २५ वरून ५५ वर गेलं की थ्रेशोल्ड सुमारे १.६५ पट होतो. करंट तेवढाच ठेवलात तर रेघ फिकी पडणारच. सातरस्ता, तुमची दुपारची फिकी रेघ म्हणजे हे सांडणं. ते स्वतःहून बिघाड नव्हे, संध्याकाळी गार झालं की भरून येतं. पण दुपार रोज थोडी जास्त फिकी पडायला लागली, तर थ्रेशोल्ड कायमचा चढतोय असं समजा.

आयुष्याचं गणित वेगळं, ते तापमानाबरोबर झीज किती वेगाने वाढते हे सांगणाऱ्या आऱ्हेनियसच्या सूत्राने करतात. सक्रियण ऊर्जा (झीज घडायला लागणारी ऊर्जा) ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली तर २५ च्या तुलनेत ५५ अंशाला झीज जवळजवळ सहापट वेगाने होते. पत्रकावर दहा हजार तास लिहिलेले असतील आणि ते २५ अंशाचे असतील, तर तुमच्या शेडमध्ये त्याचे सतराशेच्या आसपास उरतात.

आता डिझाइन करणारे काय करतात? बांध उंच करता येत नाही म्हणून पी बाजूला डोपिंग (दुसऱ्या मूलद्रव्याची किंचित भेसळ) वाढवतात. त्याने इलेक्ट्रॉनांना चढ थोडा जास्त पडतो. पण जस्ताचं डोपिंग फार केलं की जस्त सरकत वेलमध्ये शिरतं आणि लेसरच बिघडवतं. पुष्कळ ठिकाणी म्हणून मॅग्नेशियम वापरतात. क्वांटम वेलला मुद्दाम ताण देतात, म्हणजे तिची जाळी पायापेक्षा जरा कमीजास्त ठेवतात. त्याने थ्रेशोल्ड उतरतो आणि मुळात उष्णताच कमी तयार होते. आणि माझा आवडता भाग: पाया सरळ न कापता दहा-पंधरा अंश तिरका कापतात. सरळ पायावर वाढवलं तर गॅलियम आणि इंडियमचे अणू आपोआप आलटूनपालटून रांगा लावतात आणि बँडगॅप घटतो. तिरक्या पायावर त्या रांगा लागत नाहीत, बँडगॅप पूर्ण मिळतो. कापण्याच्या एका कोनात एवढं सामावलेलं असतं.

शंकेखोर, तुम्ही म्हणता ते मोठ्या कंपन्यांनी बघितलेलं आहे, बरोबर. पण त्यांनी बघितलेलं कोणत्या तापमानापर्यंत लागू होतं, हे आपल्यालाच बघावं लागतं.

शंकेखोर

ताई, सहापटीचं गणित माहीत नव्हतं. मग कपाटातले चार पुरणार नाहीत, हे मान्य. पण एक विचारतो: सगळा दोष उष्णतेचा असेल तर हिवाळ्यात एकही डायोड जायला नको. आमच्याकडे जानेवारीतही गेलेत.

साडेबाराव्होल्ट

हिवाळ्यातल्याचं मी सांगतो. माझं काम पॉवर सप्लायचं, पूर्व भागात लूमवर असतोय कायम. थंडीत हवा कोरडी असती आणि पॉलिस्टर मिसळलेलं कापड टेबलावर घासून सरकायलंय, म्हणजे स्टॅटिक आलंच. लाल डायोडला उलटं व्होल्टेज सोसतंय दोनच्या आसपास. अंगावर न जाणवणारी ठिणगीसुद्धा शेकडो-हजारो व्होल्टची असती. नॅनोसेकंदात काम होतंय. आणि वाईट म्हणजे लगेच मरतच नाही नेहमी. फॅसेटला किंवा जंक्शनला बारीक जखम होती आणि डायोड महिन्या-दोन महिन्यांनी जातोय. मग दोष भलत्यालाच लागतोय.

उपाय महाग नाहीत. डायोडच्या पायांशी उलटा जोडलेला एक साधा वेगवान डायोड, एक कपॅसिटर, आणि मॉड्यूलच्या धातूच्या नळीला टेबलाचं अर्थिंग. पण नळीला अर्थिंग द्यायच्या आधी बघा, कारण पुष्कळ मॉड्यूलमध्ये नळी सप्लायच्या एका टोकाला जोडलेली असती.

दुसरं, ड्रायव्हर. लेसरच्या डब्यात मागे एक छोटा फोटोडायोड असतोय, तो मागच्या फॅसेटचा प्रकाश मोजतोय आणि ड्रायव्हर त्यावरून करंट वरखाली करून पॉवर सारखी ठेवतोय. याला एपीसी म्हणतात. चांगली सोय आहे, पण उन्हाळ्यात हीच घात करती. गरम झालं, पॉवर उतरली, एपीसीने करंट वाढवला, करंटने आणखी गरम झालं, परत वाढवला. वर मर्यादा घातलेली नसेल तर डायोड जाईपर्यंत वाढवतच राहतोय. म्हणून एपीसी घ्या, पण कमाल करंटची वेगळी मर्यादा पाहिजेच.

अजून एक. मॉड्यूल उघडलं की आत बारीक प्रीसेट (करंट ठरवायला फिरवायचा छोटा रेझिस्टर) दिसतोय बघा, त्याच्या सरकत्या टोकाचा संपर्क धुळीने आणि हादऱ्याने सुटतोय. चांगल्या सर्किटमध्ये संपर्क सुटला की करंट शून्याकडे जातोय. वाईट सर्किटमध्ये तोच संपर्क सुटला की फुल करंट! दोन्ही बोर्ड बाहेरून सारखेच दिसतात. मी नवीन मॉडेल हातात आलं की खऱ्या डायोडच्या जागी साधे डायोड आणि रेझिस्टर लावून, प्रीसेटचं टोक सोडवून करंट मोजतोय. फुलकडे गेला की तो माल परत.

लालरेघ

वा, थरावरथर ताई आणि साडेबारा, दोघांनी धागा भरून टाकला. प्रीसेटची चाचणी मी उद्यापासून माझ्या टेबलावर लावतो.

चिप आणि नळी यांच्या मधल्या जागेबद्दल दोन शब्द. चिप तांब्यावर थेट बसवली तर तापताना तांबं जास्त फुगतं, चिप कमी, आणि चिपला ताण बसतो. म्हणून मध्ये ॲल्युमिनियम नायट्राइडसारखी चकती देतात, जी उष्णता नेते आणि फुगते साधारण चिपइतकीच. सोल्डर इंडियमचं असेल तर मऊ असतं, ताण शोषतं, पण वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्यात जागचं सरकतं. सोनं आणि कथिलाचं सोल्डर कडक, सरकत नाही, पण जुळणी अचूक लागते. हे सगळं डब्याच्या आत, आपल्या हाताबाहेरचं. आपल्या हातात उरतो तो डबा आणि नळी यांचा सांधा. ५.६ मिलिमीटरचा डबा नळीत घट्ट बसलेला हवा. मी उघडलेल्या कितीतरी मॉड्यूलांत तो नुसत्या डिंकासारख्या चिकटीवर तरंगत असतो. अशा वेळी नळी हाताला गार लागते आणि डायोड आत भाजत असतो. गार नळी बघून समाधान मानू नका.

कडकभाकरी

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सोलापुरातच. धागा दोनदा वाचला. दोन प्रश्न आहेत. सुरुवातीपासूनच लेसर इतके नाजूक होते का? आणि लाल इतका त्रास देतो तर सरळ हिरवा का नाही वापरत?

थरावरथर

कडकभाकरी, छान प्रश्न. सुरुवातीला तर याहून नाजूक होते. १९६२ साली अमेरिकेत पहिले सेमीकंडक्टर लेसर चालले. त्याच वर्षी निक होलोन्याक यांनी गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडमधून लाल, म्हणजे डोळ्यांना दिसणारा लेसर मिळवला. पण ते द्रव नायट्रोजनच्या थंडीत, क्षणभराच्या करंटच्या झटक्यांवर चालायचे. साध्या तापमानाला अखंड चालणारा लेसर १९७० मध्ये जमला: लेनिनग्राडला अल्फेरोव्ह यांच्या गटाला आणि बेल लॅब्समध्ये हायाशी आणि पॅनिश यांना. प्रकाश आणि इलेक्ट्रॉन दोन्ही एकाच पातळ थरात कोंडायची युक्ती त्यात होती. तरीही ते लेसर फार लवकर मरायचे.

का मरतात, ते १९७३ च्या सुमाराला उलगडलं. बेल लॅब्सच्या लोकांना चालू लेसरच्या आत काळ्या रेषा वाढताना दिसल्या. पेट्रॉफ आणि हार्टमन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवलं की त्या रेषा म्हणजे स्फटिकातल्या विस्थापनांची, म्हणजे अणूंच्या रांगा चुकलेल्या दोषरेषांची, जाळी आहे. एखादं विस्थापन पायातूनच वर आलेलं असतं. त्याच्यापाशी इलेक्ट्रॉन प्रकाश न देता विझतात आणि सुटलेली ऊर्जा त्या विस्थापनालाच पुढे सरकायला बळ देते. म्हणजे लेसर चालवला की दोष वाढतो. तेव्हापासून टिकाऊ लेसरची सुरुवात स्वच्छ पायापासून होते. नंतर कितीही चांगला लेप दिला तरी वाईट पाया झाकला जात नाही. साध्या तापमानाला अखंड चालणारे आजच्या पद्धतीचे लाल लेसर जपानमध्ये १९८५ च्या आसपास आले आणि पुढे डीव्हीडीने त्यांना घरोघर नेलं.

हिरव्याची कथा वेगळी. निळा आणि हिरवा गॅलियम नायट्राइडमधून येतात. नाकामुरा यांनी निचिया कंपनीत १९९६ च्या सुमाराला जांभळट-निळा लेसर चालवला, तेव्हा त्या स्फटिकात विस्थापनं इतकी होती की गॅलियम आर्सेनाइडवाला माणूस तो पाया फेकून देईल. पण नायट्राइडमध्ये विस्थापनं सहजी सरकत नाहीत. तरीही आयुष्य हजारो तासांवर न्यायला त्यांना बाजूने स्फटिक वाढवून विस्थापनं कमी करावीच लागली. हिरव्यासाठी वेलमध्ये इंडियम आणखी भरावं लागतं. ते नीट मिसळत नाही. त्यावर पी थर वाढवायला तापमान चढवलं की खालची वेल खराब होते. आणि नेहमीच्या दिशेच्या स्फटिकात अंतर्गत विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉन आणि होल यांना एकमेकांपासून दूर ओढतं. २००९ मध्ये सुमितोमोने तिरक्या दिशेच्या पायावर ५३१ नॅनोमीटरचा डायोड दाखवला, त्याच काळात ओसराम आणि निचिया यांनी नेहमीच्या दिशेवर ५१५ च्या आसपास मजल मारली. नायट्राइडला आणखी एक खोड आहे: डब्यात गोंदाची किंवा सिलिकोनची वाफ राहिली तर निळा प्रकाश तिचे तुकडे करून फॅसेटवर थर बसवतो. म्हणून या डायोडचा हवाबंद डबा उघडून 'साफ' करायच्या फंदात पडू नका.

सातरस्ता, तुमच्या कामासाठी मात्र हिरवा विचारात घ्यावा. डोळ्याला ५२० नॅनोमीटर हा ६५० च्या साधारण साडेसहापट उजळ दिसतो. म्हणजे कमी मिलीवॉटमध्ये तीच रेघ मिळते, आणि एक मिलीवॉटच्या आत राहिलात तर कटिंग मास्तरांची नजर चुकून पडली तरी धोका कमी, फक्त टक लावून बघायचं नाही. नायट्राइडचा टी-शून्यही जास्त असतो, त्यामुळे दुपारचं फिकं पडणं कमी. मात्र हिरवा मागताना थेट डायोड मागा. ८०८ च्या अवरक्त डायोडने स्फटिक पेटवून ५३२ काढणारे जुने हिरवे मॉड्यूल उन्हात फार वरखाली होतात, आणि गाळणी नसेल तर न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर सोडतात.

सातरस्ता

ताई, फार उपयोगाचं सांगितलंत. मी आता पुरवठादाराला विचारणार: केसचं कमाल तापमान किती, लिहिलेले तास कुठल्या तापमानाचे, करंटला वरची मर्यादा आहे का. जे आहेत त्यांचं काय करू? एकदम सगळे बदलणं जमणार नाही.

लालरेघ

सातरस्ता, मॉड्यूलला मालिकेत मिलिअँपिअर मीटर लावून दर महिन्याला सकाळी, शेड गार असताना, करंट वहीत लिहा. मॉड्यूलवर नंबर टाका. एपीसी असलेल्याचा करंट पहिल्या नोंदीपेक्षा वीस टक्के चढला की तो बदलायच्या यादीत. उद्योगातही आयुष्य संपल्याची खूण पुष्कळदा अशीच ठरवतात. एपीसी नसलेल्यात करंट बदलणार नाही, तिथे ठरावीक अंतरावर लक्समीटर धरून उजेड लिहा. फेब्रुवारीअखेर यादी बघा आणि चढलेले तेवढे हंगामाआधी बदला. नळीला ॲल्युमिनियमची जाड पट्टी बांधा आणि जेवणाच्या सुट्टीत रेघ बंद ठेवा.

आणि नवीन लाल घेताना ६३५ च्या मोहात पडू नका. तो ६५० च्या दुप्पट उजळ दिसतो खरा, पण ताईंनी सांगितलेला बांध तिथेच सर्वात ठेंगणा. पांढऱ्या आणि फिक्या कापडावर ६५० पुरतो. गडद निळ्या गणवेशाच्या कापडावर लाल रेघ नीट दिसत नाही, त्या टेबलांना हिरवा द्या.

सातरस्ता

हिरवा लावायचा तर आत्ताचा पाच व्होल्टचा सप्लाय चालतंय का? टेबलाखालून सगळी वायरिंग झालेली आहे.

साडेबाराव्होल्ट

थेट नाही चालत. लाल डायोडला सव्वादोन-अडीच व्होल्ट पुरतात, म्हणून पाचवर ड्रायव्हरला जागा उरती. हिरव्या डायोडला सहा-सात व्होल्टपर्यंत लागू शकतात. एक तर आत व्होल्टेज चढवणारा ड्रायव्हर असलेलं मॉड्यूल घ्या, नाहीतर सप्लाय बारा व्होल्टचा करा. वायर तीच चालंल, करंट कमीच आहे. पण सप्लाय बदलायच्या आधी त्या लाइनवरचे सगळे लाल मॉड्यूल सोडवून घ्या, बारा व्होल्टवर ते लगेच जातील.